लॅपटॉप, लिनक्स आणि 'हिला विचारणे'

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधले तीन-चार महिने इथे काहीच आलं नाही म्हणून धाकट्या जाऊबाईंचा फोनही येऊन गेला, "ताई, बऱ्या आहात ना?" बरी आहे हो. लॅपटॉपवर लिनक्स घालत होते.

हे ऐकल्यावर त्या जरा वेळ गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "ते काय असतं? औषध का?" त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी ज्यांनी "या वयात कशाला नसती उठाठेव" असं म्हटलं त्या सगळ्यांसाठी हा लेख. जरा लांबलाय. चहा घेऊन बसा.

हा लॅपटॉप ह्यांचा. २०१२ साली घेतलेला. २०१९ साली हे गेले, त्यानंतर तो मीच वापरत होते, पण त्यातल्या ह्यांच्या फोल्डरला मी कधी हात लावला नव्हता. तुमच्यापैकी जे नातलग आहेत त्यांना ठाऊकच आहे, इतरांसाठी सांगते. हे ग्रामसेवक होते. तासगाव, आटपाडी, जत असे तालुके सायकलवर आणि मग लूनावर पालथे घातले. सरकारी कामाबरोबर ह्यांना एक नाद होता, शेतीतले शब्द गोळा करायचा. नांगराचे, कुळवाचे, खळ्याचे, दोरखंडांचे. कुठे पाभर म्हणतात, कुठे तिफण. निवृत्त झाल्यावर सगळ्या वह्या काढल्या आणि रोज सकाळी दोन तास कॉम्प्युटरवर उतरवू लागले. मराठी टंकलेखनाची परीक्षा दिलेली होती, त्यामुळे बोटं चालायची. वह्या मात्र २००५च्या पुरात भिजल्या. ज्या वाचल्या त्या उतरवून झाल्यावर ह्यांनी स्वतःच रद्दीत दिल्या. म्हणजे आता जे काही आहे ते फक्त ह्या लॅपटॉपमध्ये.

२०२५ सालच्या दिवाळीनंतर एके दिवशी लॅपटॉप सुरूच होईना. म्हणजे दिवा लागे, पंखा फिरे, पडद्यावर ते ठिपके गोल गोल फिरत, आणि तासभर फिरतच राहत. दुकानात नेला. तिथल्या मुलाने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "आजी, तेरा वर्षांचा आहे. विंडोज दहाचा पाठिंबा १४ ऑक्टोबरलाच संपला, एखादं वर्ष वाढवून मिळतं तेवढंच. अकरा यावर चढणार नाही. फॉरमॅट मारून देतो, नाहीतर नवीन घ्या." मी विचारलं, फॉरमॅट मारल्यावर आतलं राहील का? तो म्हणाला, "त्यात काय असणार आहे आजी, फोटो ना?"

लॅपटॉप पिशवीत घालून घरी आणला.

मुलगा कॅनडात. तो म्हणाला, आई, नवीन पाठवतो. पुण्याचा भाचा तेवढा म्हणाला, "आत्या, काही करू नकोस. डिस्क बहुतेक ठीक आहे, विंडोजच बसलंय. आपण लिनक्सने आत शिरू." वरती तो म्हणाला की मी रविवारी येऊन करून देतो. मी म्हटलं, येऊ नकोस, फोनवर सांग. चौतीस वर्षं पोरांना शिकवलं, त्यातला एक नियम मला पक्का माहीत आहे. दुसऱ्याने सोडवून दिलेलं गणित परीक्षेत येत नाही. तो गेल्यावर पुन्हा अडलं तर कुणाची वाट बघत बसू?

आता लिनक्स म्हणजे काय ते थोडक्यात. यंत्र आणि आपण यांच्या मधला जो कारभारी असतो, विंडोजसारखा, तसाच हा एक. हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली याचा गाभा लिहिला आणि सगळ्यांना देऊन टाकला. त्याआधीपासून, १९८३ सालापासून, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन हे 'ग्नू' या नावाने मोफत आणि मोकळी प्रणाली उभी करत होते. दोन्ही एकत्र आलं आणि त्यावर जगभरच्या लोकांनी आपापल्या दिंड्या काढल्या. पंढरपूर एकच, पण प्रत्येक दिंडीचा वीणेकरी वेगळा. उबुंटू, मिंट, फेडोरा ही अशीच दिंड्यांची नावं. आम्ही निवडली ती डेबियन. ही जुनी, १९९३ सालापासूनची. इयन मर्डॉक यांनी सुरू केली आणि आपल्या मैत्रिणीचं (पुढे ती त्यांची पत्नी झाली) डेब्रा हे नाव स्वतःच्या नावाला जोडून 'डेबियन' केलं. मला हे फार आवडलं. आपल्याकडे बंगल्यांना अशी नावं देतात.

डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटातल्या खेळण्यांची नावं असतात. ऑगस्ट २०२५मध्ये आलेली तेरावी आवृत्ती 'ट्रिक्सी'. आणि जी आवृत्ती कायम कच्ची, रोज मोडणारी असते तिचं नाव 'सिड', त्या चित्रपटातला खेळणी मोडणारा मुलगा. वर्गात असा एक सिड असतोच, नाही का?

तर पहिलं काम पेनड्राइव्ह तयार करायचं. शेजारच्या सूनबाईंच्या कॉम्प्युटरवर डेबियनची फाइल उतरवली. भाचा म्हणाला, आता तिचा चेकसम पाहा. उतरवलेली फाइल वाटेत बिघडली नाही ना, कुणी बदलली नाही ना, हे पाहायचं असतं. फाइलवर एक गणित करतात आणि चौसष्ट अक्षर-अंकांची एक ओळ येते. संकेतस्थळावर दिलेल्या ओळीशी ती जुळली की फाइल खरी. मला लगेच नवाचा ताळा आठवला. आमच्या वेळी गुणाकार बरोबर आला का ते पाहायला नवाचा ताळा घ्यायचो. फरक एवढाच की आपला ताळा फसू शकतो, आकड्यांची अदलाबदल झाली तर त्याला पत्ता लागत नाही. ह्या ताळ्यात एक टिंब हललं तरी अख्खी ओळ बदलते. मी चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं बोट ठेवून तपासली. भाचा म्हणाला, "पहिली आणि शेवटची आठ बघितलीस तरी चालतं गं." चालत असेल. मी पेपर तपासताना मधली पानं सोडली नाहीत कधी.

लिनक्सची मला सगळ्यात भावलेली गोष्ट ही की ते आत न घालता, नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. याला 'लाइव्ह' म्हणतात. यंत्रातल्या डिस्कला हातही लागत नाही. पाहुणा ओसरीवरच बसतो, माजघरात जात नाही. लॅपटॉप सुरू करताना एक ठरावीक बटण दाबून धरलं, यादीतून पेनड्राइव्ह निवडला, आणि तीन-चार मिनिटांत त्या मेलेल्या पडद्यावर निळसर चित्र आलं. वायफायचं नावही दिसलं. (पूर्वी डेबियनमध्ये वायफायसाठी वेगळी फाइल शोधत बसावं लागे म्हणे. २०२३च्या बाराव्या आवृत्तीपासून ती आतच देतात.)

आता डिस्क. विंडोजमध्ये सी, डी अशा वेगवेगळ्या खोल्या असतात. लिनक्समध्ये तसं नाही. तिथे एकच झाड, त्याच्या मुळाला नुसती तिरपी रेघ म्हणतात, आणि बाहेरून आलेली प्रत्येक डिस्क त्या झाडाच्या एखाद्या फांदीवर कलम बांधावं तशी जोडायची. याला म्हणतात 'माउंट'. काढायच्या आधी कलम सोडायचं, म्हणजे 'अनमाउंट', नाहीतर इजा होते. भाच्याने माउंटच्या आज्ञेत 'आरओ' ही दोन अक्षरं घालायला सांगितली. रीड ओन्ली. बघायचं, वाचायचं, पण एक अक्षरही बदलायचं नाही. ग्रंथालयातल्या संदर्भ विभागासारखं.

आणि आत ह्यांचं फोल्डर होतं. ३१७ फाइल्स.

मी उघडल्या नाहीत. आधी नक्कल. एक नवीन पोर्टेबल डिस्कवर, दुसरी नक्कल एका मोठ्या पेनड्राइव्हवर जो आता बँकेच्या पासबुकाबरोबर कपाटात आहे. दोन्ही ठिकाणी ३१७ मोजल्या. भाच्याने सांगितलेलं एकच वाक्य तुम्हाला पाठ करायला लावते: एकाच जागी असलेली गोष्ट नसल्यात जमा. तुमचे नातवंडांचे फोटो फोनमध्येच आहेत ना? तर मग.

त्यानंतर दुकानातून (दुसऱ्या) जुनी डिस्क काढून नवी एसएसडी बसवून आणली. जुनी डिस्क कागदात गुंडाळून ठेवली. नव्या डिस्कवर डेबियन घालायला पाऊण तास लागला, त्यातला बराच वेळ नुसता बघत बसण्याचा.

मात्र एक जागा सांगते, कारण पुढे कुणी करणार असाल तर उपयोगी पडेल. घालताना मध्येच 'रूट'चा पासवर्ड विचारतात. रूट म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, शाळेतले मुख्याध्यापक म्हणा. आपण रोजचे वापरणारे म्हणजे साधे शिक्षक. मोठं काम करायचं तर 'सुडो' हा शब्द आधी लिहायचा, म्हणजे 'मुख्याध्यापकांच्या वतीने' असा शेरा मारून काम करता येतं, आणि त्याची नोंद रजिस्टरात होते. आता गंमत अशी, की डेबियनमध्ये तो रूटचा पासवर्ड रिकामा सोडला तर तुमच्या नावाला सुडोचा अधिकार आपोआप मिळतो. आणि पासवर्ड दिलात, तर मिळत नाही! भाच्याने पासवर्ड द्यायला सांगितला होता. मग पहिली सुडोची आज्ञा दिली तर उत्तर आलं की तुमचं नाव यादीत नाही. जुन्या आवृत्त्यांत तर 'या प्रकाराची वर तक्रार केली जाईल' अशी धमकीही येत असे. माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, माझीच तक्रार, आणि ती जाणार कुणाकडे तर माझ्याकडेच.

भाचा म्हणाला, "सोपं आहे आत्या. 'सु' लिही, रूटचा पासवर्ड दे, आणि मग ॲडयूजर, तुझं नाव, सुडो." लिहिलं. उत्तर: अशी आज्ञाच सापडत नाही. पाच मिनिटांनी त्याच्या लक्षात आलं की 'सु'च्या पुढे जागा सोडून एक आडवी रेघ लागते, ती सांगायची तो विसरला. त्या रेघेशिवाय तुम्ही मुख्याध्यापक होता खरे, पण त्यांच्या कपाटाच्या किल्ल्या तुमच्याकडे येत नाहीत. मी त्याला म्हटलं, "एका रेघेने काय होतं, असं तू सातवीत असताना मला म्हणाला होतास, आठवतं का?" व्याकरणाच्या वहीवरून. तो हसला. मग बाहेर पडून पुन्हा आत आलं की अधिकार लागू होतो, तसा झाला.

आणखी एक. टर्मिनलमध्ये पासवर्ड लिहिताना काहीच उमटत नाही. ताऱ्याचं चिन्हही नाही, टिंबही नाही. कीबोर्ड बिघडला असं वाटतं. बिघडलेला नसतो. लिहायचं आणि एंटर मारायचं. टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी, जिच्यात पांढऱ्या अक्षरांत लिहायचं. सगळे तिला घाबरतात म्हणे. मला का भीती वाटावी? माझं आयुष्य काळ्या फळ्यावर पांढरं लिहिण्यात गेलंय.

आता सॉफ्टवेअर कसं घालायचं. विंडोजवर कसं, इथून तिथून फाइल उतरवा, 'नेक्स्ट नेक्स्ट' करा, बरोबर आणखी चार नको त्या गोष्टी घुसतात. लिनक्समध्ये डेबियनचं स्वतःचं कोठार आहे. तेराव्या आवृत्तीत ६९ हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत. कोठीवर जो असतो त्याचं नाव 'ॲप्ट'. त्याला दोन आज्ञा नेहमी द्यायच्या आणि दोघींत गल्लत करायची नाही. 'ॲप्ट अपडेट' म्हणजे नुसती नवी यादी मागवणं, दुकानात काय काय आलंय ती. सामान येत नाही. 'ॲप्ट अपग्रेड' म्हणजे घरात जे आहे त्याचा नवा माल प्रत्यक्ष आणणं. नावं ठेवणाऱ्याने जरा वेगळी ठेवायला हवी होती. अपडेट आणि अपग्रेड यात इंग्रजीवाल्यांचाही गोंधळ होत असणार.

आणि 'ॲप्ट इन्स्टॉल' म्हटलं की तो आधी हिशेब मांडतो. समजा चकल्या मागितल्या. तो म्हणतो, चकलीला भाजणी लागेल, भाजणीला डाळी-तांदूळ लागतील, पाडायला सोऱ्या लागेल. घरात तेल आहे, बाकीचं आणतो, एवढी जागा जाईल, आणू का? आपण 'वाय' म्हणायचं. यालाच डिपेंडन्सी म्हणतात. पुढे चकल्या नको झाल्या आणि काढून टाकल्या, की तोच सांगतो, आता सोऱ्या कुणालाच लागत नाही, 'ऑटोरिमूव्ह' म्हणालात तर तोही काढतो. इतका समजूतदार कोठीवाला मी तरी पाहिला नाही. न विचारता काही आणत नाही, आणि रात्री-अपरात्री 'थांबा, मी स्वतःला बदलतोय' म्हणून यंत्र अडवून बसत नाही.

लिबरऑफिस आधीच होतं. मराठीसाठी लोहित घातला, हा फाँट रेड हॅट कंपनीने मोकळा केलेला, लोहित म्हणजे तांबडा, त्यावरून नाव. कीबोर्ड इन्स्क्रिप्ट ठेवला. प्रिंटर स्वतःहून सापडला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

मग एका दुपारी ह्यांची पहिली फाइल उघडली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, चौकोन, उद्गारचिन्हं. एक शब्द वाचता येईना. ओळींची लांबी ओळखीची होती, परिच्छेद ह्यांच्या सवयीप्रमाणे छोटे छोटे होते, पण आत नुसता कचरा.

घाबरण्यासारखं काही नाही हे भाच्याने आधीच बजावलं होतं, तरी घसा कोरडा पडला. कारण असं आहे. आज आपण जे मराठी लिहितो, हा ब्लॉगसुद्धा, ते युनिकोडमध्ये. त्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक आहे. त्याआधीच्या मराठी फाँटांत तसं नव्हतं. यंत्राच्या लेखी तिथे इंग्रजीच अक्षर असे, फक्त फाँट त्याच्यावर मराठी मुखवटा चढवी. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. फाँट हरवला की मुखवटा गळून पडतो आणि खालचं इंग्रजी दिसतं. आपल्याकडे किती कचेऱ्यांत, छापखान्यांत, किती जणांच्या प्रबंधात असा मजकूर अडकून पडला असेल!

मग मुखवटा कुठे मिळणार? जुन्या डिस्कवरच! विंडोजच्या फाँट्स नावाच्या फोल्डरमध्ये ह्यांनी पैसे मोजून घेतलेला फाँट तसाच होता. तो उचलून लिनक्समध्ये आपल्या घरच्या फोल्डरातल्या 'डॉट लोकल' नावाच्या फोल्डरात, त्यातल्या 'शेअर'मध्ये, त्यातल्या 'फाँट्स'मध्ये ठेवायचा. नावाच्या आधी टिंब असलेली फोल्डरं लिनक्स लपवून ठेवतो, कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतात. शेवटी 'एफसी-कॅश' अशी आज्ञा द्यायची, म्हणजे यंत्र फाँटांची यादी नव्याने करतं.

फाइल पुन्हा उघडली. 'मोटेचे भाग', असं वर ठळक अक्षरांत. खाली नाडा, सोंदूर, धाव, थारोळे. नाडा म्हणजे मोट ओढणारा जाड दोर, सोंदूर म्हणजे सोंडेला बांधलेला बारीक दोर, बैल ज्या उतारावरून चालत ती धाव, आणि मोटेचं पाणी पडतं ते थारोळं. मी लहानपणी माहेरी, वाईजवळ, मोट चालताना पाहिली आहे. आता विहिरीही राहिल्या नाहीत तशा. त्या दिवशी मी पुढे वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, आता हे युनिकोडमध्ये आणू, नाहीतर हा फाँट गेला की पुन्हा तेच. लिबरऑफिसला एक ओळीची आज्ञा देता येते, खिडकी न उघडताच. तीनशे सतरा फाइल्सचा साधा मजकूर करून त्याने वेगळ्या फोल्डरात ठेवला. मी चहा करून येईपर्यंत झालंही होतं. तो मजकूर मराठीत बदलायचा प्रोग्राम भाचा लिहिणार होता, पण त्याला कोष्टक हवं होतं, कोणत्या इंग्रजी चिन्हाला कोणतं मराठी चिन्ह. ते मी केलं. फुलस्केप कागदावर रेघा मारून, दीडशेच्या वर ओळी. आठ दिवस लागले. ह्यांनी वापरलेली जोडाक्षरं मला पाठ आहेत, त्याचा उपयोग झाला.

नुसतं कोष्टक पुरत नाही. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते. रफाराचं उलट, जुन्यात तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. भाच्याच्या प्रोग्रामला या दोघांना उचलून जागेवर बसवावं लागलं. पहिल्या खेपेस जे आलं त्यात 'चऱ्हाट'चं 'चर्हाट' झालं होतं. त्याने तो आडवा चंद्रकोरीसारखा रकार आणि डोक्यावरचा रफार एकच धरला होता. मी म्हटलं, "अरे, आचार्यांना बोलावलं आणि आचाऱ्यांना बोलावलं यात काही फरक आहे की नाही? एक उपदेश करेल, दुसरा स्वयंपाक." इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि जे दाबलं की तो नुक्ता असलेला ऱ येतो. तो इंग्रजी माध्यमातला, त्याला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. दुरुस्त केलं. तीन दिवसांनी सगळा मजकूर नीट मराठीत.

आणि आता तो शोधता येतो. 'ग्रेप' नावाची एक आज्ञा आहे, शब्द द्यायचा, ती सगळ्या फाइल्स चाळून प्रत्येक ओळ क्रमांकासकट दाखवते. मी 'थारोळं' शोधलं, 'इसाड' शोधलं, 'तिवडा' शोधला. मग एका फाइलमध्ये एका शब्दापुढे कंसात दिसलं: 'हिला विचारणे'. मला वाटलं, एखाद्या बाईचा संदर्भ असेल. मग लक्षात आलं.

'हिला' शोधलं. ४१ ओळी आल्या.

चौदा वर्षं हे रोज सकाळी त्या टेबलावर बसत. मी पाच हातांवर, स्वयंपाकघरात. एकेचाळीस वेळा लिहून ठेवलं, आणि विचारलं फार तर चार-पाच वेळा, तेही जेवताना, "तुमच्याकडे याला काय म्हणतात गं?" मी म्हणायची, आता आमटी निवतेय. पण बाकीचे? ह्यांना वाटलं असेल, पुढे विचारू. किंवा माझ्या वर्गाच्या वह्या, पाहुणे, पुढे ह्यांचं आजारपण. नवऱ्याने संसारात विचारायच्या कितीतरी गोष्टी विचारल्या नाहीत हे मला ठाऊक होतं, पण त्याची यादी ओळक्रमांकासकट मिळते असं वाटलं नव्हतं.

राग आला आधी, खरं सांगते. दोन दिवस लॅपटॉप बंद ठेवला.

मग उत्तरं लिहायला बसले. ह्यांच्या फाइलला हात न लावता शेजारी नवी फाइल केली. 'वाईकडे मातेरंच म्हणतात की दुसरं काही?' मातेरंच म्हणतात. खळं उचलल्यावर मातीत मिसळून राहिलेलं धान्य ते मातेरं, आणि माझी आजी ते चाळून कोंबड्यांना टाकायची, तेही लिहिलं. असे एकोणतीस झाले. काही ठिकाणी ह्यांनी जत-आटपाडीकडचा दिलेला अर्थ आणि आमच्याकडचा जुळत नाही, तिथे मी तसं स्पष्ट लिहिलंय. हे असते तर वाद घातला असता.

बारा मला येत नाहीत. आई असती तर आले असते. ते सगळे इथे देत नाही, पण ज्यांनी मोट, खळं पाहिलंय अशा कुणाला, विशेषतः माहेरच्या मंडळींना, यातलं काही ठाऊक असेल तर खाली लिहा किंवा फोन करा. मोट थारोळ्यात रिती होताना जो आवाज होतो त्याला वेगळा शब्द होता का? धावेवरून बैल मागे चढवताना मोटकरी कोणता शब्द ओरडत असे? मळणीत तिवड्याच्या अगदी जवळ, सगळ्यात आत फिरणाऱ्या बैलाला आमच्याकडे काय म्हणत? कणगी आतून सारवायला शेणामातीत आणखी काय घालत? वसंतात विहीर उपसताना गाळ काढायच्या पाटीचं नाव काय? गावाचं नावही लिहा, ह्यांच्या यादीत प्रत्येक शब्दापुढे गाव आहे.